संकेतभंग

२०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात मी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातल्या एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून काही आठवडे राहिलो होतो. तेथील फादर शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत होते. सकाळची मिस्सा, दुपारी आजाऱ्यांच्या भेटी आणि चार वाजताच पडू लागणारा काळोख, असा माझा दिनक्रम होता. रोज मिस्सेला येणाऱ्या एका निवृत्त गणितशिक्षकांनी माझे एकटेपण ओळखले असावे. एके दिवशी ते नाटकाचे तिकीट घेऊन आले. "फादर, आमच्या शहराजवळ मरण पावलेल्या एका माणसाची ही कथा आहे," ते म्हणाले, "नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. या मृताचेही स्मरण करा." यापेक्षा अधिक काही त्यांनी सांगितले नाही.

रॉयल एक्स्चेंज हे तेथील नाट्यगृह मुळात कापसाचा बाजार होता. त्या प्रचंड दिवाणखान्यात एकेकाळी हजारो व्यापारी उभे राहून सौदे करीत. १९६८ साली तो बाजार बंद पडला. शेवटच्या दिवसाचे भाव उंचावरच्या फलकावर अजून तसेच ठेवलेले आहेत. दिवाणखान्याच्या मधोमध काचेचे आणि लोखंडाचे गोलसर नाट्यगृह उभारलेले आहे. प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात आणि नट मध्यभागी असतो. तेथे लपायला कोणताही कोपरा नसतो.

नाटक होते ह्यू व्हाइटमोर यांचे 'ब्रेकिंग द कोड'. अँड्र्यू हॉजेस यांनी १९८३ साली लिहिलेल्या ॲलन ट्युरिंग यांच्या चरित्रावर ते आधारलेले आहे. १९८६ साली लंडनमध्ये ते प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा डेरेक जॅकोबी या थोर नटाने ट्युरिंगची भूमिका केली होती. नाटकाच्या नावाचे मराठी मी मनातल्या मनात करू लागलो आणि थबकलो. आपल्या भाषेत 'संकेत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. गुप्त खुणेला आपण संकेत म्हणतो आणि समाजाने घालून दिलेल्या अलिखित नियमालाही संकेतच म्हणतो. ट्युरिंग यांनी शत्रूचा संकेत मोडला, म्हणून त्यांच्या देशाने त्यांना पदक दिले. समाजाचा संकेत मोडला, म्हणून त्याच देशाने त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

वाचकहो, हा माणूस कोण होता हे आधी सांगायला हवे.

ॲलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई सारा यांचा जन्मच मुळी मद्रास इलाख्यातील पोदनूर येथला, कारण त्यांचे वडील तेथल्या रेल्वेत इंजिनिअर होते. भारताची हवा मुलांना मानवणार नाही असे त्या काळच्या इंग्रज कुटुंबांना वाटे. म्हणून ॲलन आणि त्यांचा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी वाढले. शाळेत असताना या एकलकोंड्या मुलाला ख्रिस्तोफर मॉरकम नावाचा मित्र भेटला. दोघांनाही गणिताचे आणि ताऱ्यांचे वेड होते. १९३० च्या फेब्रुवारीत ख्रिस्तोफर क्षयाने वारला. त्यानंतर कित्येक वर्षे ॲलन त्याच्या आईला पत्रे लिहीत राहिले. देह नष्ट झाल्यावर मन कोठे जाते, हा प्रश्न त्यांना छळत होता. पुढे त्यांची श्रद्धा लोपली, पण प्रश्न लोपला नाही. यंत्र विचार करू शकेल काय, या विषयावर १९५० साली त्यांनी लिहिलेला निबंध आज जगभर अभ्यासला जातो. त्या प्रश्नाचे मूळ एका मुलाच्या मृत्यूत असावे, असे नाटक पाहताना मला वाटून गेले.

१९३६ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एका गणिती निबंधात अशा यंत्राची कल्पना मांडली, की ज्याला योग्य आज्ञा दिल्या तर ते कोणतीही आकडेमोड करू शकेल. आजच्या संगणकाची ही बीजकल्पना होय.

मग युद्ध आले. जर्मन सैन्य आपले संदेश 'एनिग्मा' नावाच्या यंत्रातून पाठवीत असे. दिसायला टंकलेखन यंत्रासारखे. एक अक्षर दाबले की आतील चक्रांतून आणि तारांतून वीज फिरे आणि दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागे. पुन्हा तेच अक्षर दाबले तर आता तिसरेच. चक्रांची आणि तारांची मांडणी रोज बदले. शक्य असलेल्या मांडण्यांची संख्या १५९ वर अठरा शून्ये एवढी होती. हे कोडे प्रथम सोडविले ते पोलंडच्या तरुण गणितज्ञांनी. मारियन रेयेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ पासून त्यावर मात केली होती आणि आपला देश बुडण्याच्या काही आठवडे आधी, १९३९ च्या जुलैमध्ये, ते सारे ज्ञान त्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच मित्रांच्या हाती सोपविले. ट्युरिंग यांच्या कीर्तीला उणेपणा न आणता या पोलिश बांधवांचे ऋण मानले पाहिजे.

सप्टेंबर १९३९ मध्ये ट्युरिंग लंडनच्या वायव्येस असलेल्या ब्लेचली पार्क या जुन्या वाड्यात रुजू झाले. एनिग्माची एक उणीव त्यांच्या कामी आली. त्या यंत्रात कोणतेही अक्षर कधीच स्वतःच्या रूपात उमटत नसे. 'अ' चे काहीही होईल, पण 'अ' होणार नाही. हवामानाच्या अहवालासारखे ठरावीक शब्द संदेशात कोठे बसू शकणार नाहीत हे त्यावरून कळे आणि मग मोठमोठ्या विद्युतयंत्रांच्या साहाय्याने त्या दिवसाची मांडणी शोधता येई. जर्मन नौदलाची लिपी सर्वांत अवघड होती आणि तिची जबाबदारी ट्युरिंग यांच्या गटाकडे होती. अटलांटिक महासागरात पाणबुड्या अन्नधान्याची जहाजे बुडवीत होत्या आणि ब्रिटनची चूल त्या जहाजांवर पेटत होती. पाणबुड्या कोठे दबा धरून आहेत हे कळू लागले, तशी जहाजे वळविता येऊ लागली. त्यामुळे किती जीव वाचले याची मोजदाद कोणाला करता येणार?

ब्लेचली पार्कमध्ये अखेरीस हजारो माणसे काम करीत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सर्वांनी मौनाची शपथ घेतली होती. सत्तरीच्या दशकापर्यंत नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला तेथे काय केले ते सांगितले नाही. आम्हा धर्मगुरूंना मौनाचे मोल ठाऊक असते. पापनिवेदनात ऐकलेले आम्ही मरेपर्यंत ओठांबाहेर काढत नाही. म्हणून त्या हजारो साध्या माणसांविषयी मला फार आदर वाटला.

नाटकाची सुरुवात पोलीस ठाण्यात होते. आपल्या घरी चोरी झाली अशी तक्रार घेऊन एक विद्वान, अडखळत बोलणारा गृहस्थ आलेला आहे. पुढे काळ मागेपुढे होत राहतो. कधी शाळेतले दिवस, कधी ब्लेचली, कधी आईच्या घरची बैठक. त्यात एक प्रसंग आहे. ब्लेचलीत ट्युरिंगबरोबर काम करणारी एक बुद्धिमान तरुणी त्यांच्यावर जीव लावते आणि ते तिला आपले सत्य सांगतात. नाटकात तिचे नाव पॅट आहे. प्रत्यक्षात ती जोन क्लार्क. १९४१ साली दोघांचा साखरपुडा झाला होता. आपल्या मनाची ओढ पुरुषांकडे आहे हे ट्युरिंग यांनी तिच्यापासून लपविले नाही आणि काही महिन्यांनी तो साखरपुडा त्यांनीच मोडला. लग्न करून सुरक्षित होण्याची वाट त्यांच्यासमोर मोकळी होती. पण त्या वाटेची किंमत एका मुलीला मोजावी लागली असती.

हा प्रसंग चालू असताना मी खुर्चीत अस्वस्थ झालो. पंधरा वर्षांपूर्वी ऐकलेले एक वाक्य माझ्या कानांत पुन्हा घुमू लागले. त्याविषयी पुढे सांगेन.

चोरीची हकीकत खरी आहे. जानेवारी १९५२ मध्ये मँचेस्टरजवळच्या विल्मस्लो गावी ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. ज्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी त्यांचे संबंध आले होते, त्याच्या ओळखीच्या माणसाचे ते काम होते. ट्युरिंग पोलिसांकडे गेले. आरंभी काही भाग त्यांनी झाकून ठेवला. पण पोलीस खोलात विचारू लागले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने पाच पानांचा जबाब लिहून दिला. त्या क्षणी चोर बाजूला राहिला आणि फिर्यादी आरोपी झाला. १८८५ च्या ज्या कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेले होते, त्याच कायद्याखाली ३१ मार्च १९५२ रोजी ट्युरिंग दोषी ठरले. सहकारी साक्षीला आले आणि हा माणूस राष्ट्राची ठेव आहे असे सांगून गेले. पण त्याने राष्ट्रासाठी नेमके काय केले हे न्यायालयात उच्चारायला बंदी होती. आरोपीनेही ते उच्चारले नाही. स्वतःला वाचविण्यासाठी त्याने देशाचे गुपित खर्ची घातले नाही. मात्र देशाने त्याचे गुपित चव्हाट्यावर मांडले.

तुरुंग टळला, तो एका अटीवर. एक वर्षभर इस्ट्रोजेन या स्त्रीदेहातील हार्मोनचा औषधोपचार घ्यायचा. त्याने वासना मारली जाईल अशी समजूत होती. शरीर बेढब होऊ लागले. गुप्त कामाची परवानगीही काढून घेण्यात आली. ८ जून १९५४ रोजी घरकामाच्या बाईंना ट्युरिंग मृतावस्थेत आढळले. आदल्या दिवशीच प्राण गेला होता. वय एक्केचाळीस. कारण सायनाइडचे विष. बिछान्याजवळ अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. ही आत्महत्या होय, असे चौकशीत ठरले. त्यांच्या आईने ते कधीच मानले नाही. घरी रसायनांचे प्रयोग करताना झालेला तो अपघात होता, असे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. १९५९ साली त्यांनी मुलाचे चरित्र लिहिले. त्यात त्याची बक्षिसे आहेत, बालपणीचे किस्से आहेत. खटल्याचा उल्लेख मात्र नाही.

एका आईच्या त्या मौनावर टीका करण्याचा अधिकार मला नाही. मी केवळ एवढेच म्हणेन, की ते मौन मी आपल्याही घरांत पाहिले आहे.

आता ते वाक्य.

२००१ सालच्या सुमाराची गोष्ट. धर्मगुरू होऊन मला चारच वर्षे झाली होती. एका शनिवारी सायंकाळी एक तरुण कार्यालयात आला. ही गोष्ट पापनिवेदनातली नाही. तशी असती तर या कागदावर कधीच उतरली नसती. तो माझ्याशी समोरासमोर खुर्चीत बसून बोलला आणि ती येथे लिहिण्याची परवानगी त्याने मला दिलेली आहे. मात्र तो कोणत्या गावचा, काय शिकलेला, कोणाचा कोण, हे मी सांगणार नाही. बाहेर बाकावर लग्नाची नोंद करण्यासाठी आलेले एक कुटुंब थांबले होते. त्यांच्या हसण्याचा आवाज आत येत होता.

तो म्हणाला, "फादर, घरी मुली दाखवताहेत. मला लग्न करता यायचे नाही. मुलींविषयी मला तसे कधी वाटलेच नाही."

मी सेमिनरीत सात वर्षे शिकलेला माणूस. नीतिशास्त्राची परीक्षा मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. मी म्हणालो, "हे सगळे मनाचे खेळ असतात, बाळा. प्रार्थना कर. हवे तर एखाद्या चांगल्या डॉक्टरला भेट. लग्न झाले की सारे सुरळीत होते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि त्या मुलीचे काय, फादर?"

मला उत्तर सुचले नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "बाहेर माणसे थांबली आहेत, आपण पुन्हा बोलू," असे म्हणालो. "बरं, फादर," असे म्हणून तो उठला. बाहेरच्या कुटुंबाने दाराशी त्याला हसून वाट करून दिली. आमचे ते बोलणे पुन्हा कधीच झाले नाही. काही महिन्यांनी तो परदेशी निघून गेल्याचे कळले आणि खरे सांगतो, मला हायसे वाटले.

मी त्याचा अपमान केला नव्हता, आवाजही चढविला नव्हता. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. पण त्या रात्री नाट्यगृहात मला दिसले, की ट्युरिंग यांचा छळ करणाऱ्यांपैकीही कोणी आवाज चढविलेला नव्हता. पोलीस सभ्य होते. न्यायाधीश कायद्याप्रमाणे वागले. डॉक्टरांनी त्या काळी शास्त्रीय समजला जाणारा उपचार केला. प्रत्येकाने आपापले काम नीट केले आणि एक माणूस संपला. मीही त्या शनिवारी माझे काम नीटच केले होते. प्रार्थना, डॉक्टर, लग्न. त्या तिन्ही गोष्टी मी त्याच्यापुढे ठेवल्या, त्या त्याला माझ्या दारातून लवकर बाहेर काढण्यासाठी.

कोणी विचारील, फादर, या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण बदलली काय? नाही, आणि ती झाकून ठेवून मला वाचकांची टाळी नको आहे. देहसंबंधाचे स्थान विवाहात आहे, स्त्री आणि पुरुष यांच्या विवाहात आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते आणि मी तिचा सेवक आहे. पण त्याच ख्रिस्तसभेने आणखीही काही शिकविले आहे आणि तो भाग आपण प्रवचनांत फारसा ऐकत नाही, कारण आम्ही तो फारसा सांगत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले, की मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. पाप आणि गुन्हा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पापाचा हिशेब परमेश्वराकडे, गुन्ह्याचा राजाकडे. ट्युरिंग यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी या शिकवणीची इंग्लंडमध्ये कसोटी लागली. हा कायदा ठेवावा की नाही याचा विचार करण्यासाठी सरकारने वुल्फेंडन समिती नेमली होती. तिच्यासमोर मत मांडण्यासाठी वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांनी कॅथलिक सल्लागारांची समिती बसविली. त्या समितीने १९५६ साली स्पष्ट सांगितले, की नैतिक शिकवण आपल्या जागी आहे, परंतु प्रौढ माणसांच्या खाजगी वर्तनासाठी त्यांना तुरुंगात टाकणे हे राज्यसंस्थेचे काम नव्हे. वुल्फेंडन समितीचा अहवाल १९५७ साली तेच म्हणाला. इंग्लंडच्या संसदेला ते पटायला १९६७ साल उजाडले.

हे नाटक १९८६ साली लंडनमध्ये आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रोममधून जगभरच्या बिशपांना एक पत्र गेले. ते शिकवणीच्या बाबतीत कठोर आहे, पण समलिंगी व्यक्तींविरुद्ध कोणी शब्दांनी वा हातांनी हिंसा केली तर ख्रिस्ती मेंढपाळांनी तिचा धिक्कार करावा, असे त्यातच म्हटलेले आहे. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाने त्यांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारण्यास सांगितले आणि त्यांच्याबाबतीत कोणताही अन्याय्य भेदभाव करू नये अशी ताकीद दिली. मी त्यांच्याशी बोललो त्या शनिवारी हा ग्रंथ माझ्या मागच्याच कपाटात होता.

आपल्या देशातही इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते दूर केले. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितले, की समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभेने गुन्हेगार मानलेले नाही. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही गुन्हेगारीची खूण पुसून टाकली. २०२३ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाखतीत पाप आणि गुन्हा यांतला तोच भेद साध्या भाषेत पुन्हा सांगितला.

ट्युरिंग यांच्याबाबतीत ब्रिटनने काय केले? २००९ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. २०१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी राणीने ट्युरिंग यांना मरणोत्तर माफी दिली. २०१७ साली त्याच कायद्याखाली दोषी ठरलेल्या इतर हजारोंना कायद्याने माफी मिळाली. २०२१ साली त्यांच्या वाढदिवशी, २३ जूनला, त्यांचे चित्र असलेली पन्नास पौंडांची नोट चलनात आली.

माफी मागणे आणि माफी देणे. आपल्या भाषेत नाम एकच आहे, फरक क्रियापदाचा आहे. पण या एका क्रियापदात सारा न्याय सामावलेला आहे. पापनिवेदनाच्या जागी बसून मी हजारो वेळा क्षमेचे शब्द उच्चारले आहेत. त्यामुळे क्षमा कोणत्या दिशेने वाहते याची मला थोडी जाण आहे. ज्याने इजा केली त्याने मागायची असते आणि ज्याला इजा झाली त्याने द्यायची असते. राणीच्या माफीपत्रात देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली आहे असे मला वाटते. ट्युरिंग यांना माफी देण्याचा अधिकार सरकारला कसा? माफी देण्याचा अधिकार ट्युरिंग यांनाच होता आणि ते एकोणसाठ वर्षांपूर्वी गेले होते. २००९ सालची ती मागितलेली माफी मला म्हणूनच अधिक खरी वाटते, जरी ती ऐकायला कोणी उरले नव्हते.

नाटक पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मँचेस्टरमधील सॅकव्हिल उद्यानात गेलो. तेथे २००१ सालापासून ट्युरिंग यांचा पुतळा आहे. इतर थोरांसारखा चौथऱ्यावर उभा नाही. एका बाकावर बसलेला आहे आणि हातात सफरचंद आहे. शेजारी एका माणसापुरती जागा रिकामी ठेवलेली आहे. पाऊस भुरभुरत होता. मी त्या ओल्या जागेवर बसलो. घाई कशाचीच नव्हती. माझ्या कार्यालयातही अशीच एक खुर्ची आहे आणि त्या शनिवारी तिच्यात एक जिवंत माणूस बसला होता. त्याला मी दहा मिनिटेही बसू दिले नव्हते.

व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला घेऊन आलेल्या लोकांची कथा आपल्याला पाठ आहे. दगड टाकून निघून जाणाऱ्यांत वयोवृद्ध पुढे होते, असे योहानच्या शुभवर्तमानात नमूद आहे. तरुणपणी तो तपशील मला विशेष वाटत नसे. आता माझेही वय झाले आहे.

मायदेशी परतल्यावर मी त्या तरुणाचा पत्ता मिळविला. आता तो तरुण राहिलेला नाही. मी पत्र लिहिले. त्यात उपदेश नव्हता. 'तू मला एक प्रश्न विचारला होतास, तो माझ्यापेक्षा अधिक ख्रिस्ती होता. मी घड्याळाकडे पाहिले. मला क्षमा कर,' एवढेच लिहिले. तीन महिने उत्तर आले नाही. ते येईलच अशी अपेक्षा धरण्याचा मला हक्कही नव्हता.

मग एक छोटेसे पत्र आले. तो बरा आहे. नोकरी चालू आहे. त्याने लग्न केले नाही, कोणा मुलीचे आयुष्य बिघडविले नाही. रविवारी मिस्सेला जातो, शेवटच्या बाकावर बसतो. क्षमेविषयी त्याने एक ओळ लिहिली होती, ती माझ्यापाशीच राहू द्या. अखेरीस त्याने लिहिले होते, 'तुम्ही कधी याविषयी लिहिलेत तर माझी हरकत नाही. पण माझी आई हे त्रैमासिक वाचते. तिला ओळखू येणार नाही असे लिहा.'

मी त्याचा शब्द पाळला आहे. ओळख पटेल असा एकही तपशील मी वर ठेवलेला नाही. तो कोणत्याही गावचा असू शकतो, कोणत्याही घरातला, गायकवृंदातला वा शेवटच्या बाकावरचा. म्हणून माता-भगिनींनो, हे वाचताना तुमच्यापैकी एखादीला, हा माझाच तर मुलगा नसेल, अशी शंका आली, तर मला विचारायला येऊ नका. मी सांगणार नाही. त्याला फोन करा. लग्नाचा विषय काढू नका. तो जेवला का, तेवढे विचारा आणि तो बोलू लागला तर घड्याळाकडे पाहू नका.